गोदामातली मंदी

आमच्या घरात २००१ सालच्या मंदीची गोष्ट दोन तोंडांनी सांगितली जाते. काकांची गोष्ट गोदामात घडते, काकूची स्वयंपाकघरात. दोघांची सुरुवात मात्र सिस्कोपासूनच होते. काका त्या कंपनीत कधीच नव्हते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या एका छोट्या कारखान्यात ते मटेरियल प्लॅनर होते. राउटर आणि स्विचमध्ये बसणारे सर्किट बोर्ड तिथे तयार व्हायचे. सिस्कोचं काम घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडून उपकाम यायचं आणि त्या उपकामावर काकांचं घर चालायचं. "आमचा पगार टास्मन ड्राइव्हवरूनच यायचा, फक्त चार हात फिरून," असं ते म्हणतात. सॅन होजेच्या टास्मन ड्राइव्हवर सिस्कोचं मुख्यालय आहे.

ही कंपनी १९८४ च्या डिसेंबरात लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्डच्या जोडप्याने काढली. वेगवेगळ्या जाळ्यांतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी हा त्यांचा माल. नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या शेवटच्या अक्षरांतून घेतलं, बोधचिन्हात गोल्डन गेट पूल आला. १९९० च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी लर्नरला काढून टाकलं गेलं. पाठोपाठ बोसॅकही बाहेर पडले. "घर बांधणाऱ्यांनाच उंबऱ्याबाहेर काढलं," हे वाक्य काकू इथे हमखास घालते. ती तिकडे ज्यांच्याशी जोडली गेली ते सगळे कामगार होते, त्यामुळे कोणाला कधी काढलं हे तिच्या लक्षात पक्कं राहतं.

१९९५ मध्ये जॉन चेंबर्स प्रमुख झाले आणि पुढची पाच वर्षं कंपनी अशी वाढली की मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला मागे टाकून ती जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली. बाजारातली किंमत ५०० अब्ज डॉलरच्या वर. काका सांगतात, त्या दिवसांत गोदामात पाय ठेवायला जागा नसे. गुलाबी अँटीस्टॅटिक पिशव्यांमध्ये घातलेले बोर्ड, त्यांच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या, हाताळणाऱ्याच्या मनगटाला तार बांधलेला पट्टा. अंगातली स्थिर वीज लागली तर बोर्ड जळतो आणि वरून काही दिसत नाही. चिप्सचा तुटवडा होता. एखादा मेमरीचा किंवा कपॅसिटरचा रीळ मिळाला की काका तो आधी घेऊन ठेवत, कशाला लागणार ते नंतर बघत. सगळेच तसं करत होते.

या मंदीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच घडली. ग्राहकाला राउटरसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागे. म्हणून तो सिस्कोकडे मागणी नोंदवी, तीच मागणी दुसऱ्या कंपनीकडेही नोंदवी, आणि जिथून आधी माल येईल तिथून घेऊन दुसरीकडची रद्द करी. इकडे सिस्कोचं काम मिळावं म्हणून दोन-तीन कारखाने एकाच वेळी चिप बनवणाऱ्याकडे धावत. लग्नाला येणारा एकच पाहुणा मुलीकडच्यांनी, मुलाकडच्यांनी आणि आचाऱ्याने वेगवेगळा मोजावा, तसा एकच राउटर तीनदा मोजला गेला. सिस्कोची संगणकप्रणाली तेव्हा जगभर वाखाणली जात होती. एका दिवसात अख्ख्या कंपनीचा हिशेब बंद करून दाखवण्याची तिची ख्याती होती. पण तिला आलेली ऑर्डर दिसत होती. ऑर्डरमागचा माणूस खरंच माल घेणार आहे का, हे तिला दिसत नव्हतं. ते विचारायला कुणीतरी फोन उचलायला हवा होता.

२००० च्या नाताळाच्या सुमारास काकांकडे 'पुश-आउट' येऊ लागले. म्हणजे ऑर्डर रद्द नाही, फक्त तारीख पुढे. जानेवारीचा माल मार्चला द्या, मार्चचा जूनला. "पुश-आउट आला की प्लॅनरच्या पोटात गोळा येतो," काका म्हणतात. "रद्द झालेली ऑर्डर निदान कळते तरी. पुढे ढकललेली ऑर्डर आशेला लावून ठेवते." इंटरनेटच्या नावावर उभ्या राहिलेल्या दूरध्वनी कंपन्या एकामागून एक बुडत होत्या, आणि त्यांतल्या काहींना उपकरणं घेण्यासाठी सिस्कोनेच कर्ज दिलं होतं. जानेवारीअखेर संपलेल्या तिमाहीत सिस्कोची विक्री पावणेसात अब्ज डॉलरची होती. पुढच्याच तिमाहीत ती ३० टक्क्यांनी घसरून ४.७ अब्जांवर आली. सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा वह्यांतून काढून टाकावा लागला. त्यातला बराचसा माल सिस्कोसाठीच खास बनवलेला होता, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नव्हता. पुढे त्यातला काही वापरात आला, बाकीचा भंगारात गेला. काकांनी आपल्या हाताने खूण केलेले बोर्ड यंत्रात घालून चुरा होताना पाहिले. सोनं वेगळं काढायला तो चुरा दुसरीकडे जायचा.

चेंबर्स याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणत. माणसं कमी करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली नव्हती. त्याआधी ते मॅसॅच्युसेट्सच्या वँग लॅबोरेटरीज या कंपनीत होते. वर्ड प्रोसेसरच्या जोरावर ती मोठी झाली आणि पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर कोसळली. तिथे हजारो लोकांना घरी पाठवणं त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ही वेळ पुन्हा येऊ नये असं ते सांगत. २००१ मध्ये सिस्कोने सुमारे ८,५०० माणसं कमी केली. चेंबर्सनी स्वतःचा पगार वर्षाला एक डॉलर केला. काढलेल्यांपैकी काहींना वर्षभर एखाद्या सेवाभावी संस्थेत काम केलं तर एक तृतीयांश पगार आणि आरोग्यविमा देऊ केला. मला ही सोय मनापासून आवडते. नोकरी जाते तेव्हा सकाळी उठून जाण्याची जागाही जाते, हे त्यात कुणीतरी ओळखलं होतं.

काकांच्या कारखान्यात असं काही झालं नाही. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. एका सोमवारी माणसं कामावर गेली तर दाराला साखळी होती आणि काचेवर कागद चिकटवलेला होता. साठलेल्या रजेचे पैसे अनेकांना मिळालेच नाहीत. काकांकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून ते टिकले. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या मुलांची गत वेगळी होती. तेव्हा नोकरी गेली की राहण्यासाठी नियमाने मुदतच मिळत नसे. आज मिळणारे साठ दिवस २०१७ पासूनचे.

आता काकूची बाजू. सनीव्हेल, सांता क्लारा, फ्रीमाँट इथली मराठी बिऱ्हाडं त्या वर्षी हलू लागली. पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांच्या सामानात मिक्सर नसायचा. अमेरिकेतला मिक्सर ११० व्होल्टवर चालतो, आपल्याकडे तो लावला की जळतो. मग निघताना मुली काकूकडे येत आणि मिक्सर ठेवून जात. चटणीचं भांडं घासलेलं, झाकणाचं रबर वेगळं कागदात गुंडाळलेलं. काकूच्या कपाटात ते रांगेने उभे राहिले. कुणाचा होता ते तिने प्रत्येकाच्या बुडाशी लेबल लावून लिहून ठेवलं होतं, कारण त्या परत येतील असं तिला वाटत होतं. त्यांतल्या एक-दोघी आल्याही. बाकीचे मिक्सर पुढे नव्याने आलेल्या पोरांच्या बिऱ्हाडी गेले.

सिस्को या मंदीतून तरली, असं व्यवस्थापनाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे. कॅनडाची नॉर्टेल ही तिच्या तोडीची स्पर्धक. ती वर्षानुवर्षं खंगत गेली आणि १४ जानेवारी २००९ ला दिवाळखोरीत निघाली. दुसरी स्पर्धक ल्युसंट, तिला २००६ मध्ये अल्काटेलमध्ये विलीन व्हावं लागलं. सिस्को टिकली याचं पहिलं कारण तिजोरी. पडझडीच्या ऐन वर्षातही तिच्याकडे १८ अब्ज डॉलरच्या आसपास रोख आणि गुंतवणूक होती, आणि दीर्घ मुदतीचं कर्ज नव्हतं. तिचे सगळेच ग्राहक दूरध्वनी कंपन्या नव्हते. बँका, विद्यापीठं, सरकारी कार्यालयंही होती, हे दुसरं. तिसऱ्या कारणाबद्दल पुस्तकं घाईत बोलतात. बहुतेक कारखाने तिचे स्वतःचे नव्हते. भिंती, यंत्रं, पाळ्यांवरचे कामगार हे सगळं दुसऱ्याच्या वहीत होतं. मंदीचा बराचसा भार त्या वह्यांनी उचलला, आणि फ्रीमाँटच्या दारावरची साखळी त्याच भाराची होती. सिस्को टिकली याचा मला आनंदच आहे. ती बुडती तर आणखी हजारो घरं उठली असती. पण टिकण्याचा हिशेब मांडताना काकांसारख्यांची ओळ त्यात असायलाच हवी.

२००८ च्या मंदीत कंपनी जास्त सावध होती. खर्च आवरण्यासाठी वर्षअखेरीस काही दिवस कामकाजच बंद ठेवलं, आणि जून २००९ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकात जनरल मोटर्सच्या जागी सिस्कोचं नाव आलं. काका तोवर दुसरीकडे लागले होते. पुढे काका-काकू पुण्याला परतले.

मग करोनानंतर चिप्सचा तुटवडा आला आणि काकांना सगळं ओळखीचं वाटू लागलं. पुन्हा लांबलेल्या तारखा, पुन्हा आगाऊ नोंदवलेल्या मागण्या. २०२३ च्या नोव्हेंबरात सिस्कोने सांगितलं की, पोचवलेला एक-दोन तिमाहींचा माल ग्राहकांकडे अजून जोडायचाच पडून आहे, म्हणून नव्या ऑर्डर मंदावल्या आहेत. २०२४ च्या आर्थिक वर्षात विक्री ५७ अब्जांवरून सुमारे ५४ अब्जांवर आली; २०२४ च्या कॅलेंडर वर्षात दोनदा नोकरकपात जाहीर झाली.

काकांची मुलगी, माझी ताई, पुण्यातच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या खरेदी विभागात आहे. ही बातमी वाचून काकांनी तिला जेवता जेवता विचारलं, "तुमच्याकडची ऑर्डर खरी कशावरून?"

"मी ग्राहकाला स्वतः फोन करते, बाबा. कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर रॅक बसणार, ते विचारते. जागा ठरली नसेल तर ऑर्डर कच्ची धरते."

"आणि सांगितलंच नाही तर?"

"तर निम्माच माल मागवते. साहेब ओरडतात."

"ओरडू देत," काका म्हणाले, आणि पुढचा प्रश्न विचारला: पुरवठादार किती लहान आहे, आणि त्याचे पैसे किती दिवसांनी देता?