एचएमटी धान कोणाचा?

परवा रोवणीवर एका पोरानं विचारलं, "काका, एचएमटी कोणत्या कंपनीचा धान?" म्हणून हे लिहितो.

कंपनीचा नाही जी. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वर्षामागून वर्ष पेरल्या, निवडल्या. दाणा बारीक, भात चवदार. बिजाई आधी शेजाऱ्यांनी नेली, मग व्यापाऱ्यांनी. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. वाण पार राज्याबाहेर गेलं. दादाजींच्या हाती त्या विक्रीतलं काही आलं नाही.

ब्रिटनमध्ये १९६४ च्या कायद्यानं नवं वाण काढणाऱ्याला बियाण्याच्या विक्रीवर हक्क मिळाला होता. आपल्याकडे असा कायदा झाला २००१ मध्ये. तोवर एचएमटी घरोघरी पोचला होता. पण आपल्या कायद्यात एक गोष्ट चांगली आहे: शेतकऱ्यालाही वाण काढणारा मानलं आहे, आणि नोंदणीची फी त्याला माफ आहे.

२००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला. ३ जून २०१८ ला आपल्याच गडचिरोलीत, शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले.

तर मंडळी, बांधीत वेगळी लोंबी दिसली की सुतळी बांधा, फोटो काढा, तारीख वहीत लिहा, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बिजाई मागणाऱ्याला जरूर द्या, पण आधी नोंद करा.