कानाच्या पडद्यावरचं ठिगळ

पडदा फाटलेला माणूस समोर बसला की मी आधी विचारतो, घरी कानात काय घातलंत? बहुधा लसणाचं तेल निघतं. मी बोलतो, पण बेताने. आमच्या या उपचाराची सुरुवातच एका रोग्याच्या घरगुती खटपटीतून झाली आहे.

१८४१ साली लंडनला जेम्स यर्सली या कानाच्या डॉक्टरकडे न्यूयॉर्कचा एक गृहस्थ आला. कागदाचा कपटा थुंकीने भिजवून तो कानात आतवर सारायचा आणि त्याला चांगलं ऐकू यायचं! यर्सलीने कागदाऐवजी ओल्या कापसाचा बोळा वापरून पाहिला आणि १८४८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. पुढे जोसेफ टॉयन्बीने चांदीच्या तारेला रबराची चकती लावून कृत्रिम पडदाच बनवला. पुस्तकांत हे दोघे आहेत. कपटेवाला गृहस्थ बिननावाचा राहिला.

पण यात भोक तसंच राही. ते बुजवायची युक्ती बोस्टनच्या क्लॅरन्स ब्लेकची, १८७७ ची. (ग्रॅहम बेलला प्रयोगासाठी मेलेल्या माणसाचा कान मिळवून देणारा तो हाच.) त्याने भोकावर कागदाची चकती बसवली. पडद्याची कातडी मधून कडेकडे सरकत असते. कागदाचा आधार मिळाला की ती भोक ओलांडते, आणि कागदही तिच्याबरोबर हळूहळू बाहेर येतो. मी सिगारेटचा कागद वापरतो. डॉक्टर नुसता कागद मागतात म्हटल्यावर पानवाला अजून हसतो.

जुन्या भोकाला एवढं पुरत नाही. त्याच्या कडेवरून कातडी आत वळून बसलेली असते आणि भरून येणं थांबतं. १८९५ मध्ये ओकुनेफने ही कड ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने जाळायला सुरुवात केली. सळईच्या टोकाला कापूस गुंडाळून मीही तेच करतो. थेंब ओघळला तर आतल्या नाजूक भागाला इजा होते, म्हणून कापूस जवळजवळ कोरडा करून घेतो. भोक मोठं असेल किंवा कान वाहत असेल तर मात्र यात पडत नाही, सरळ ऑपरेशनला पाठवतो.

जपानच्या शिनिची कानेमारूंनी कागदाच्या जागी वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज ठेवला. काहींना तो पुन्हा ठेवावा लागला, पण २०११ मध्ये त्यांनी छापलेला निकाल ५३ पैकी ५२ असा आहे. स्पंज ठेवण्याआधी तेही कड ताजी करूनच घेतात.