गनचा विमानतळ : आधी धावपट्टी, मग पर्यटक

पर्यटनाच्या इतिहासावर संशोधन आराखडा लिहायला बसलं की एक वाक्य आपोआप उतरतं : पर्यटक वाढले म्हणून विमानतळ बांधला. मालदीवच्या दक्षिण टोकाला, अड्डू प्रवाळवलयातलं गन बेट बघा. तिथे क्रम उलटा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने इथे तळ उभारला. १९५७ पासून ब्रिटिश हवाई दल आलं. अतिपूर्वेकडे जाणारी विमानं इंधनासाठी उतरायची. बेट चिमुकलं. लांब धावपट्टी करायची तर माणसांना जागा कुठली? गनच्या रहिवाशांना शेजारच्या फेदू बेटावर हलवलं. 'लोकवस्ती नसलेलं बेट' असं कुठे वाचलंत, तर ती कधी आणि कोणी उठवली, हे विचाराच.

पण लगेच 'बिचारे बेटवासी' असंही लिहू नका. तळावर काम मिळालं, हातात पैसा आला, आणि मालेच्या सरकारची हुकमत जाचू लागली. १९५९ मध्ये दक्षिणेकडच्या तीन प्रवाळवलयांनी अब्दुल्ला अफीफ यांच्या नेतृत्वाखाली सुवादिव प्रजासत्ताक जाहीर केलं. १९६३ मध्ये ते संपलं.

१९७६ मध्ये ब्रिटिश गेले, त्यांच्यासोबत नोकऱ्याही. मालेजवळ १९७२ पासूनच रिसॉर्ट सुरू झाली होती; तळावर इंग्रजी शिकलेली अड्डूची माणसं तिकडे कामाला लागली. गनवर पर्यटक आले ते नंतर. उतरले त्याच धावपट्टीवर, आणि राहिले जुन्या लष्करी इमारतींत.