पळभा चार अंगुळे

शाळेत कार्यानुभव शिकवत असताना मी एका मुलाचे गुण कापले होते. आधी ती गोष्ट सांगतो, कारण आजचा विषय मला तिथूनच मिळाला.

डिसेंबर १९८१ चा शेवटचा आठवडा. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या शाळेत हस्तव्यवसायाचे प्रदर्शन होते. नववीच्या मुलांना सुतारकामातली पहिलीच वस्तू स्वतः करून मांडायची होती. बहुतेकांनी पाट किंवा चौरंग केले. एकाने मात्र सूर्यघड्याळ केले. सागाच्या उरलेल्या तुकड्याची हातभर फळी, रंधा मारून साफ केलेली, आणि तिच्यावर खाच पाडून सरसाने बसवलेला एक लाकडी त्रिकोण. काम स्वच्छ होते. पण त्रिकोण अगदी बसका, दाराखाली ठोकायच्या पाचरीसारखा. तासांच्या रेषा मध्यभागी दाटीवाटीने आणि कडेला फाकलेल्या. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. त्यात बारा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती आणि सावली नेमकी बाराच्या रेषेवर होती.

माझ्याकडे एक इंग्रजी हस्तकलेचे पुस्तक होते. त्यातल्या चित्रात त्रिकोण चांगला उंच होता आणि रेषाही बऱ्यापैकी सुट्या होत्या. मी मुलाला म्हटले, "अरे, कोन चुकलाय आणि वेळही चुकलीय." तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आजोबा म्हणाले, आपल्याकडं पळभा चार." आजोबा गावातले सुतार, पंचांग वाचणारे. पळभा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी गुण कापले.

पळभा हा शब्द आपल्या जुन्या पंचांगांत असे. पंचांग कोणत्या गावासाठी गणिले आहे हे सांगताना त्या गावची पळभा दिली जाई. बारा अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, सपाट जमिनीवर रोवायचा. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर माध्यान्ही त्याची सावली किती अंगुळे पडते, ती त्या गावची पळभा. कोल्हापूरला ती साधारण ३.६ येते, पुण्याला ४, नागपूरला ४.६ आणि उज्जैनला पाचाच्या थोडी वर. गाव जितके उत्तरेला, तितकी सावली लांब. आपण ज्याला अक्षांश म्हणतो तोच इथे अंशांऐवजी अंगुळांत मोजलेला आहे. हे मोजायला एक काठी, सपाट जागा आणि धीर एवढेच लागते.

शंकू मुळात लाकडाचाच. वास्तुशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत तो कशाचा करावा याच्या यादीत चंदन, खैर, शमी, साग ही नावे येतात. शुल्बसूत्रांत यज्ञभूमीची पूर्व-पश्चिम रेषा काढायला हाच शंकू वापरला आहे. शंकूभोवती त्याच्याच उंचीच्या दोरीने वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक ज्या बिंदूपाशी वर्तुळाच्या आत येते आणि दुपारनंतर ज्या बिंदूपाशी बाहेर जाते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम मिळते. अरब ज्योतिषी या वर्तुळाला 'हिंदी वर्तुळ' म्हणत.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत यंत्रांवर वेगळा अध्याय लिहिला आहे. त्यातले फलकयंत्र म्हणजे नावाप्रमाणेच एक फळी आहे, नव्वद अंगुळे रुंद आणि एकशे ऐंशी अंगुळे लांब. तिच्यावर रेषा आखून सूर्याच्या उंचीवरून वेळ काढायची. चक्रयंत्र धातूचे किंवा लाकडाचे करावे असेही ते सांगतात. एवढी यंत्रे सांगून झाल्यावर खरे यंत्र म्हणजे बुद्धी, बाकी पसारा कशाला, अशा अर्थाचे बोलून ते मोकळे होतात आणि हातातल्या साध्या काठीने काम कसे भागवावे ते दाखवतात. सुताराला हे बोलणे आवडणार नाही. मला मात्र ते फार आवडते.

पण लाकडी कालयंत्रांच्या इतिहासातला माझा सगळ्यात लाडका माणूस कोकणातला आहे. गणेश दैवज्ञ, जन्म १५०७, गाव मुरूड-जंजिऱ्याजवळचे नांदगाव. ग्रहलाघव हा त्यांचा ग्रंथ. त्यातल्या गणिताचा आरंभ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. ग्रहगणितातला ज्या-चापांचा, म्हणजे त्रिकोणमितीच्या कोष्टकांचा, सगळा जाच त्यांनी काढून टाकला आणि साध्या गुणाकार-भागाकारावर पंचांग करता येईल अशी सोय केली. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके याच ग्रंथावरून होत राहिली. याच गणेश दैवज्ञांनी एक लहानसे प्रकरण प्रतोदयंत्रावर लिहिले. प्रतोद म्हणजे चाबूक. त्याला चाबुकयंत्र असेही नाव आहे. घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटेत वेळ पाहता यावी म्हणून चाबकाच्या दांड्यावरच सूर्यघड्याळ!

याची रचना सुरेख आहे. दांड्याला उभ्या पट्ट्या पाडलेल्या असतात. वर्षभर दिनमान बदलते, तशी दरवेळी वेगळी पट्टी वापरायची. त्या दिवसाच्या पट्टीच्या वर भोक असते, त्यात आडवी काडी खोचायची आणि दांडा दोरीला टांगून काडी सूर्याकडे करायची. काडीची सावली दांड्यावरून खाली उतरते. ती जिथवर पोचते तिथला आकडा म्हणजे सूर्योदयापासून झालेल्या किंवा सूर्यास्ताला उरलेल्या घटका. घटका म्हणजे चोवीस मिनिटे.

यात एक गंमत आहे. जमिनीवरच्या शंकूची सावली सकाळी लांब आणि दुपारी आखूड असते. दांड्यावर सगळे उलटे. सूर्य जितका वर, तितकी सावली लांब. त्यामुळे आपल्या भागात वैशाखात, सूर्य डोक्यावर येतो तेव्हा, भर दुपारी सावली दांडा संपवून खाली निघून जाणार. आणि सकाळच्या व दुपारच्या सारख्याच उंचीला सावली सारखीच, म्हणून माध्यान्ह टळली की नाही हे स्वाराला आपले आपण कळायला हवे. अशी दांड्याची घड्याळे पश्चिम आशियात आणि युरोपातही होती, आणि ही कल्पना तिकडून आपल्याकडे आली असावी असे अभ्यासक मानतात. आली असेल. चाबकावर ती बसवण्याची सोय मात्र प्रवास करणाऱ्यांची नड ओळखणाऱ्यालाच सुचणार.

गणेश दैवज्ञांच्याच काळात जर्मनीत न्युरेंबर्गला गेऑर्ग हार्टमान नावाचा यंत्रकार होता. पितळेची आणि हस्तिदंताची यंत्रे श्रीमंतांची. हार्टमानने सूर्यघड्याळांच्या आकृत्या कागदावर छापल्या. कागद लाकडावर चिकटवला की घड्याळ तयार. त्याचा १५६४ मध्ये मृत्यू झाला. कागद आणि लाकूड, त्यामुळे त्यातली फार थोडी टिकली. गरिबाच्या वस्तू संग्रहालयापर्यंत पोचत नाहीत.

आता त्या मुलाच्या त्रिकोणाकडे वळू. उभ्या शंकूची अडचण अशी की त्याच्या सावलीची दिशा एकाच तासाला ऋतूनुसार बदलते. आज आखलेली नऊची रेषा तीन महिन्यांनी नऊ दाखवत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे शंकूची धार पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवाच्या रोखाने, तिरपी करायची. मग तासाची रेषा वर्षभर तीच राहते. दमास्कसच्या उमय्या मशिदीसाठी इब्न अल्-शातिर याने १३७१ मध्ये केलेले मोठे सूर्यघड्याळ या प्रकारचे आहे. सवाई जयसिंहांचे जयपूरचे सम्राट यंत्र, सुमारे सत्तावीस मीटर उंच, तेही याच तत्त्वावरचे. त्याचा जिना ध्रुवाकडे चढतो. पितळी यंत्रांचे आस झिजतात, डगमगतात, म्हणून जयसिंहांनी दगड-चुना निवडला. लाकडाच्या बाबतीत तर विचारायलाच नको. एका पावसाळ्यात फळीला बाक येतो.

धार ध्रुवाकडे करायची म्हणजे तिचा चढ आपल्या अक्षांशाइतका हवा. पुण्याला साडेअठरा अंश. लंडनला तो साडेएकावन्न, म्हणून इंग्रजी पुस्तकातला त्रिकोण उंच. साडेअठरा अंश आखायला कोनमापक हवा, आणि लाकडावर अर्धा अंश साधणे नवशिक्याच्या हाताला अवघड. पण बारा अंगुळांच्या शंकूला चार अंगुळे सावली, हाच त्रिकोण आडवा पाडला की झाले. पाया बारा, उंची चार. गुण्या लावून दोन रेषा काढायच्या आणि टोके जोडून करवत चालवायची. आजोबांनी नातवाला नेमके हेच सांगितले होते.

रेषांची दाटीही बरोबरच होती. पुण्याच्या अक्षांशावर आडव्या फळीवर बारा आणि एक यांच्या रेषांत जेमतेम पाच अंशांचे अंतर पडते. पाच आणि सहा यांच्यात चाळीस अंश. मुलाने गणित केलेच नव्हते. सावली त्रिकोणाच्या खाली सरळ आली ती बाराची खूण, आणि पुढे शेजाऱ्यांच्या घड्याळावर एकेक तास मोजून खुणा. सकाळच्या खुणा त्याच अंतरांनी दुसऱ्या बाजूला पलटून घेतल्या. नवशिक्यासाठी याहून चांगली रीत मला आजही माहीत नाही.

परक्या गावचे सूर्यघड्याळ चालत नाही, ही चूक करणारा मी पहिला नव्हे. इ.स.पूर्व २६३ मध्ये रोमनांनी सिसिलीतल्या कॅटानियाहून लुटीत एक सूर्यघड्याळ आणले आणि रोमच्या चौकात उभारले. ते चार अंशांहून अधिक दक्षिणेचे. चुकीच्या रेषांवर रोमचा कारभार नव्याण्णव वर्षे चालला, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

राहिला पस्तीस मिनिटांचा फरक. हा मुलाचा नव्हे, आपल्या सगळ्यांच्या घड्याळांचा. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक, आणि दर अंशाला चार मिनिटे. म्हणून पुण्याची माध्यान्ह सरासरी बारा पस्तीसला. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे तीही मागेपुढे होते; नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला बारा एकोणपन्नासच्या. डिसेंबरच्या अखेरीस हा दुसरा फरक जवळजवळ शून्य असतो. म्हणजे त्या दिवशी त्या घड्याळाने दाखवली त्याहून खरी वेळ दाखवणे शक्यच नव्हते.

आणि ही तक्रार फार जुनी नाही. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. गिरणीची वेळ घड्याळात तीच राहिली तरी कामगाराला पहाटे तेवढे आधी उठावे लागणार होते. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी विरोध केला, दगडफेकही झाली. महापालिकेने आपली घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवायचे ठरवले. तिथे 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकला. कलकत्त्याचा १९४८ पर्यंत. 'मुंबई टाइम' संपून पुरती तीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा मी, एक शिक्षक, माध्यान्ह बारा पस्तीसला होते हे विसरलो होतो.

कोणाला करून पाहायचे असेल तर साग घ्या. फळी लहान आणि जाड असू द्या. नवशिक्याने फळीऐवजी गोल चकती घेतली तर आणखी सोपे: परिघावर पंधरा-पंधरा अंशांच्या सारख्या खुणा, मधून आरपार गोल काठी, आणि काठीचा चढ बारास चार. काठी चकतीला काटकोनात हवी. मार्चच्या एकवीसपासून सप्टेंबरच्या तेवीसपर्यंत सावली वरच्या बाजूला पडेल, उरलेले सहा महिने खालच्या. म्हणून खुणा दोन्ही बाजूंना करा. मांडताना पाणसळ लावून बैठक सपाट करा आणि उत्तर-दक्षिण शंकूच्या वर्तुळावरूनच काढा. होकायंत्र जवळच्या खिळ्यानेही फसते.

निवृत्तीच्या वर्षी शाळेची अडगळीची खोली आवरताना ती फळी सापडली. सरस सुटला होता, त्रिकोण वेगळा पडला होता. फळीच्या पाठीवर माझ्याच अक्षरात लाल पेन्सिलीने शेरा होता. मी कर्कटक घेऊन त्रिकोण मोजला. पाया बारा बोटे, उंची चार.