अंगणातील पद्मिनी : जुन्या मोटारीची जोडीने दुरुस्ती

अमेरिकेत १९६० च्या दशकातील ताकदवान 'मसल कार' घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभ्या करण्याचा छंद रुजलेला आहे. महाराष्ट्रात तोच जिव्हाळा लाभला तो फियाटला, म्हणजेच पुढच्या पद्मिनीला. पुणे-नाशिक महामार्गावरील संगमनेरसारख्या गावात पती-पत्नींना हे काम घरच्या अंगणात करता येते. मात्र त्याचा क्रम माहीत असावा लागतो.

पूर्वपीठिका : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा ही तिची ओळख. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला.

आधी कागद, मग पाना : गाडी विकत घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतरच होते. संगमनेरकरांना त्यासाठी श्रीरामपूरचे (एमएच-१७) परिवहन कार्यालय आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. परंतु मूळ रचनेत मोठा बदल केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

पत्रा : या गाडीला स्वतंत्र चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे गंजलेली जमीन किंवा दारांखालील पट्टी केवळ लांबी भरून झाकणे धोक्याचे ठरते. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. हे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. ही दुरुस्ती परवडणारी नसेल, तर ती गाडी न घेणेच शहाणपणाचे.

जोडीची कामे : एकाने सुटे भाग काढावेत, दुसऱ्याने छायाचित्रे घेऊन नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ठेवावेत. व्हॉल्व्हचे अंतर मोजताना एकाने इंजिन हाताने फिरवावे आणि दुसऱ्याने फीलर गेज लावावा. ब्रेकमधील हवा काढण्यासही चार हात हवेत : एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळची निपल सैल करून पुन्हा आवळावी, आणि त्यानंतरच पेडल सोडावे. येथे हाक चुकली, की हवा परत आत शिरते.

सुरक्षा : केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, पक्के स्टँड लावावेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ती धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबर खराब होते. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलूनच इंजिन सुरू करावे.

रंगाची झळाळी सर्वांत शेवटी. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, त्यानंतर इंजिन हा क्रम दोघांनी पाळला, तर पहिल्या फेरीत शेजारी बसणारे माणूस निर्धास्त असते.