कॅमेरा घडवला, भांडवलाचे काय?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. व्हिडिओ गेम बनवायला निघालेल्या माझ्या भाच्याने खर्चाची वही पुढे ठेवली, तेव्हा मला तो स्तंभ आठवला.

१९१६ साली आनंदराव पेंटर गेले. त्यांच्यासोबत पाहिलेले स्वदेशी कॅमेऱ्याचे स्वप्न बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने पुरे केले. पण नुसत्या कॅमेऱ्याने १९२० चा ‘सैरंध्री’ झाला नसता. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

गेम बनवणाऱ्याचा कॅमेरा म्हणजे ‘इंजिन’. पडद्यावरची हालचाल, प्रकाश, धडक यांचे गणित सांभाळणारी ही तयार प्रणाली. १९९०च्या दशकात इड सॉफ्टवेअर आणि एपिक या अमेरिकी कंपन्या आपापली इंजिने इतरांना परवान्याने देऊ लागल्या. परवान्याची किंमत लहान मंडळींच्या आवाक्याबाहेरची होती. २०१५ साली एपिकने ‘अनरिअल’ विनामूल्य खुले केले आणि मोबदला विक्रीच्या पाच टक्क्यांवर नेला. २०२० पासून पहिल्या दहा लाख डॉलरवर तोही माफ झाला.

मग खर्च कुठे होतो? पाच माणसे तीन वर्षे राबली, तर एकशे ऐंशी महिन्यांचे पगार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ अनरिअलवरच बनवला. २०१७ साली त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, पुढे एपिकचे अनुदान मिळाले, आणि गेम बाजारात आला २०२० साली. इंजिन पहिल्या दिवसापासून हाताशी होते. तोटा होता तो पैशाचा.

उसन्या अवजाराला दुसरा धोकाही असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ इंजिनाच्या मालकांनी ठरावीक मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क जाहीर केले, तेही आधीच बाजारात असलेल्या गेमसाठी. जगभर ओरड झाली. अटी सौम्य झाल्या आणि वर्षभराने ते शुल्कच रद्द झाले. तरी धनी मध्येच भाडे बदलू शकतो, हे सर्वांना कळून चुकले.

भाच्याने २०१४ पासून मुक्त परवान्यावर मिळणारे ‘गोडो’ निवडले आहे. “मामा, याचं भाडं कुणीच मागणार नाही,” तो म्हणाला. खरे आहे. त्याच्या वहीत इंजिनापुढे शून्य आहे. पगारांपुढे मोठा आकडा आहे, आणि भांडवल देणाऱ्याच्या नावाची जागा अजून कोरी आहे.