अल्टिमेट खो-खो २०२२

अल्टिमेट खो-खो २०२२ हा भारतातील 'अल्टिमेट खो-खो' या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम होता. १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात तो खेळला गेला. स्पर्धेत सहा संघ होते व एकूण ३४ सामने झाले. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा एका गुणाने पराभव करून विजेतेपद मिळवले. खो-खो खेळाडूंना ठरावीक मानधन, संघमालक आणि दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण एकत्रितपणे मिळवून देणारी ही पहिली मोठी स्पर्धा मानली जाते.

पार्श्वभूमी

खो-खोला नियमबद्ध रूप महाराष्ट्रात मिळाले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे पहिले नियम तयार केले. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आणि नंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत खो-खोही होता. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली.

त्यानंतरची अनेक दशके हा खेळ शाळा, तालमी आणि क्रीडा मंडळांच्या आधारावर टिकला. खेळाडूचे ध्येय राज्य संघात स्थान मिळवणे आणि त्या जोरावर रेल्वे, पोलीस, विमानतळ प्राधिकरण अशा ठिकाणी नोकरी मिळवणे हे असे. खेळातून थेट उत्पन्न जवळजवळ नव्हते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने मातीतला खेळ मॅटवर आणि रात्रीच्या प्रक्षेपणात लोकप्रिय होऊ शकतो हे दाखवून दिल्यावर खो-खोसाठीही तशाच स्पर्धेची कल्पना पुढे आली. भारतीय खो-खो महासंघ आणि उद्योजक अमित बर्मन यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये लीगची घोषणा झाली. परंतु कोविड-१९ च्या साथीमुळे पहिला हंगाम लांबला आणि प्रत्यक्षात २०२२ मध्ये झाला. त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष सुधांशू मित्तल, तर लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी तेनझिंग नियोगी होते.

नियमांतील बदल

या हंगामात खेळले गेलेले खो-खो शालेय मैदानावरच्या खो-खोपेक्षा बरेच वेगळे होते, आणि हंगामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

पारंपरिक मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. लीगमध्ये लांबी २२ मीटरपर्यंत कमी करण्यात आली आणि मातीच्या जागी मॅट आली. पारंपरिक खेळात मैदानावर आक्रमकांचे नऊ गडी असतात, लीगमध्ये सात ठेवण्यात आले. नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची झाली. दोन डावांच्या, म्हणजे चार पाळ्यांच्या सामन्याचा प्रत्यक्ष खेळ त्यामुळे ३६ मिनिटांवरून २८ मिनिटांवर आला. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरण्याची पद्धत मात्र कायम राहिली.

गुणांची पद्धत पूर्णपणे बदलली. परंपरेने एक गडी बाद केला की एक गुण मिळतो. लीगमध्ये साध्या स्पर्शाला दोन गुण, तर सूर मारून किंवा खांबाचा आधार घेत झेपावून गडी टिपल्यास तीन गुण देण्यात आले. पाठलाग करताना हवेत झेपावणे हे कौशल्य जुनेच आहे. आता त्याला वेगळी किंमत मिळाली, आणि आक्रमक हातातोंडाशी आलेला साधा स्पर्श सोडून सूर मारण्याचा धोका पत्करू लागले. अंतिम सामन्याचा निकालही अखेरीस याच एका जादा गुणावर लागला.

दुसरा मोठा बदल म्हणजे 'वजीर'. पारंपरिक नियमांनुसार पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाईपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. खो देऊनच दिशा बदलता येते. किंबहुना खेळाचे नाव आणि त्याचे सारे डावपेच याच बंधनातून आलेले आहेत. बुद्धिबळातील वजिराप्रमाणे कोणत्याही दिशेने धावू शकणारा एक आक्रमक प्रत्येक संघाला देण्यात आला. 'पॉवरप्ले'च्या काळात असे दोन वजीर वापरता येत. यामुळे खेळ वेगवान झाला, मात्र एकेरी साखळीत गडी फिरवत ठेवून आक्रमकांना दमवण्याची जुन्या पळतीपटूंची कला काही प्रमाणात मागे पडली.

संरक्षकांचा तोल सावरण्यासाठी 'ड्रीम रन'ची तरतूद होती. एखादी तुकडी अडीच मिनिटे बाद न होता टिकली, तर संरक्षण करणाऱ्या संघाला दोन गुण मिळत आणि त्यानंतरही टिकून राहिल्यास आणखी गुणांची भर पडे. संरक्षणाला थेट गुण मिळण्याची सोय पारंपरिक खो-खोत नाही. तेथे चांगल्या पळतीचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या न वाढलेल्या गुणांतच दिसते.

संघ

गुजरात जायंट्स हा संघ अदानी स्पोर्ट्सलाइनच्या, तेलुगू योद्धाज जीएमआर स्पोर्ट्सच्या, चेन्नई क्विक गन्स केएलओ स्पोर्ट्सच्या आणि राजस्थान वॉरियर्स कॅप्री ग्लोबलच्या मालकीचा होता. मुंबई खिलाडीजच्या मालकांत पुण्यातील उद्योजक पुनीत बालन, जान्हवी धारिवाल-बालन आणि गायक बादशाह यांचा समावेश होता. ओडिशा जगरनॉट्स हा राज्य शासनाच्या क्रीडा विकास कंपनीने उभा केलेला संघ असल्याने इतरांहून वेगळा ठरतो.

संघांची नावे शहरांची व राज्यांची असली, तरी सर्व सामने पुण्यातच झाले. ज्या शहरात खेळाचे पहिले नियम लिहिले गेले आणि जेथे हंगाम भरला, त्या पुण्याच्या नावाचा संघ मात्र स्पर्धेत नव्हता. फिलिपिन्समध्ये १९७५ पासून चालत आलेल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघ उघडपणे कंपन्यांच्या किंवा त्यांच्या उत्पादनांच्या नावाने खेळतात आणि कोणत्याही संघाचे स्वतःचे शहर नसते. खो-खो लीगचा पहिला हंगाम प्रत्यक्ष व्यवहारात त्याच पद्धतीच्या जवळ जाणारा होता.

खेळाडूंची निवड लिलावाने न होता 'ड्राफ्ट' पद्धतीने झाली. खेळाडूंना चार गटांत विभागून प्रत्येक गटाचे मानधन आधीच ठरवण्यात आले होते. त्यात सर्वांत वरच्या गटाला पाच लाख, तर शेवटच्या गटाला एक लाख रुपये होते. क्रिकेट लीगच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटेल. तथापि ग्रामीण व निमशहरी कुटुंबांतून आलेल्या खो-खो खेळाडूला तीन आठवड्यांच्या खेळासाठी एवढे पैसे यापूर्वी कोणी दिले नव्हते.

सर्व संघांत महाराष्ट्रातील खेळाडूंचा भरणा होता. निम्म्याहून अधिक कर्णधार याच राज्यातले होते. तेलुगू योद्धाजचे नेतृत्व पुण्याच्या प्रतीक वाईकरकडे, ओडिशाचे मिलिंद चावरेकरकडे, मुंबईचे विजय हजारेकडे आणि चेन्नईचे अमित पाटीलकडे होते. चेन्नईकडून खेळलेला सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा रामजी कश्यप हा सूर मारण्याच्या कौशल्यामुळे या हंगामातून सर्वदूर ओळखला जाऊ लागला.

साखळी आणि बाद फेरी

१४ ऑगस्टच्या उद्घाटनाच्या लढतीत गुजरात जायंट्सने मुंबई खिलाडीजवर ६९-४४ असा विजय मिळवला. साखळीत प्रत्येक संघ इतर संघांशी दोनदा खेळला. तीस सामन्यांअखेर गुजरात, ओडिशा, तेलुगू योद्धाज आणि चेन्नई हे चार संघ पुढे गेले, तर मुंबई व राजस्थान यांचे आव्हान संपले.

बाद फेरीत ओडिशाने गुजरातला नमवून थेट अंतिम फेरी गाठली. दुसरीकडे तेलुगू योद्धाजने प्रथम चेन्नईला आणि त्यानंतर गुजरातला हरवले. साखळीत वर्चस्व राखलेल्या गुजरातला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

अंतिम सामना

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी, ऐन गणेशोत्सवातील रविवारी झाला. शेवटच्या पाळीत ओडिशाचे आक्रमण होते. अवघी १४ सेकंदे उरली असताना तेलुगू योद्धाज ४५-४३ असे पुढे होते. साधा स्पर्श झाला असता तर सामना बरोबरीत आला असता. सूरज लांडेने सूर मारून गडी बाद केला, तीन गुण मिळाले आणि ओडिशाने ४६-४५ अशी बाजी मारली. पारंपरिक गुणपद्धतीत त्या झेपेला एकच गुण मिळाला असता, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. सूरजने या सामन्यात एकूण नऊ गुण मिळवले. विजेत्या संघाला एक कोटी, उपविजेत्याला ५० लाख आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गुजरातला ३० लाख रुपयांचे पारितोषिक देण्यात आले.

महिला खो-खो आणि मराठवाडा

ही लीग पुरुषांची होती, आणि पहिल्या हंगामाची सर्वांत ठळक मर्यादा हीच होय. महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या, खो-खोतील अलीकडच्या यशात महिला खेळाडूंचा वाटा मोठा आहे. धाराशिवची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोला हा पुरस्कार दोन दशकांहून अधिक काळानंतर मिळत होता.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या कळंब अंबा या गावची प्रियंका इंगळे हिने जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. पुरुषांच्या गटातही भारताने नेपाळवर ५४-३६ असा विजय मिळवला आणि त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर होता. विश्वचषकही मॅटवर आणि सात गड्यांच्या झटपट स्वरूपात खेळला गेला. पुरुष खेळाडूंना या स्वरूपाचा सराव लीगमुळे आधीच झालेला होता. महिलांना अशा व्यावसायिक हंगामाचा आधार नव्हता.

पुढील हंगाम

लीगचा दुसरा हंगाम २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४ या काळात ओडिशातील कटक येथील जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये झाला. त्यात गुजरात जायंट्सने अंतिम सामन्यात चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असे हरवून विजेतेपद पटकावले.